रॅम्पवरचे कापड आणि वऱ्हाडची पऱ्हाटी

फॅशन वीक म्हणजे येत्या हंगामासाठी कल्पिलेले कपडे खरेदीदार, संपादक आणि जाणकार यांच्यासमोर रॅम्पवर, म्हणजे प्रेक्षकांमधून जाणाऱ्या लांब मंचावर, सादर करण्याची व्यवस्था होय. भारतात तिची सुरुवात 2000 साली दिल्लीत भरलेल्या लॅक्मे इंडिया फॅशन वीकने झाली. या सादरीकरणांची चर्चा बहुधा कपड्याचा घाट, भरतकाम आणि तो मिरवणारे तारे-तारका यांच्याभोवती फिरते. परंतु ज्या वऱ्हाडाचे अर्थकारण दीडशे वर्षांहून अधिक काळ पऱ्हाटीवर, म्हणजे कापसाच्या पिकावर, उभे आहे, तेथील वाचकाने रॅम्पवरचे हे वस्त्रसंग्रह कापडाकडून, किंबहुना तंतूकडून, पाहणे अधिक उचित ठरेल.

या दृष्टीने डिझायनर राहुल मिश्रा यांचा 2006 सालचा पहिला संग्रह आजही महत्त्वाचा वाटतो, कारण केरळातील मुंडू, म्हणजे नेसण्याचे काठाचे सुती वस्त्र, त्याच्या केंद्रस्थानी होते आणि हातमागाचे साधे कापडही आधुनिक पोशाखाचा भार पेलू शकते हे त्याने दाखवून दिले. पुढे जानेवारी 2020 मध्ये ते पॅरिसच्या ओत कुत्यूर सप्ताहात, म्हणजे मापानुसार आणि मुख्यतः हाताने घडवलेल्या उच्च वस्त्रांच्या सप्ताहात, निमंत्रित होणारे पहिले भारतीय डिझायनर ठरले. जुलै 2021 मध्ये त्याच सप्ताहात वैशाली षडंगुळे या पहिल्या भारतीय महिला डिझायनर म्हणून सहभागी झाल्या. चंदेरी आणि गुळेदगुड्डचे खण या विणींवर त्यांचे काम उभे आहे. मराठी घरात चोळीपुरता उरलेला खण त्यांच्या हाती शिल्पासारखा आकार घेतो, आणि विणकराचे काम सजावट न राहता रचनेचा पाया बनते, ही त्यांची खरी कमाई होय.

वऱ्हाडाला सर्वांत जवळचा धडा मात्र कच्छचा आहे. तेथील काला कापूस हा पावसावर वाढणारा, आखूड धाग्याचा देशी कापूस असून गिरण्यांनी तो नाकारला होता. खमीर या संस्थेने विणकर आणि शेतकरी यांना जोडून त्याचे सूत व कापड पुन्हा उभे केले, आणि इलेव्हन इलेव्हनसारख्या नाममुद्रेने ते जगाच्या बाजारात नेले. वऱ्हाडातही एकेकाळी अशाच आखूड धाग्याच्या देशी वाणांचे राज्य होते. अमरावतीच्या नावावरून आलेल्या ‘ऊमरा’ या व्यापारी नावाने येथील कापूस मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात ओळखला जाई, अमेरिकेतील यादवीच्या काळात (1861–65) त्याला मोठी मागणी आली, आणि 1870 साली खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा पोहोचला तोही याच गाठींसाठी. गिरण्यांना लांब धागा हवा होता, म्हणून हे वाण मागे पडत गेले, आणि 2002 नंतर बीटी संकरित वाणांनी शिवार व्यापले. वास्तविक देशी वाण पाण्याचा ताण आणि रसशोषक किडी अधिक सोसतात.

या देशी वाणांना पुन्हा वाव देण्याची संधी आता जवळच आहे: अमरावतीजवळ नांदगावपेठ येथे पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी सप्टेंबर 2024 मध्ये झाली आहे. त्या विस्तीर्ण आवारात देशी कापसाच्या हातसुतासाठी आणि हातमागासाठी थोडी जागा राखली जावी, तेथील कापड डिझायनरांपर्यंत वऱ्हाडाच्याच नावाने पोहोचावे, आणि अकोला-अमरावतीच्या ग्राहकांनीही कपडा घेताना त्यातील कापूस कुठला, हे आवर्जून विचारावे.