आकाशातून लावलेली लेव्हल

कालव्यांच्या कामावर मी तेहतीस वर्षं लेव्हल लावली. तिवईवर दुर्बीण, लांबवर स्टाफ धरून उभा खलाशी आणि माझ्या हातात लेव्हलबुक. सकाळी पुलाच्या कठड्यावरच्या बेंचमार्कपासून, म्हणजे ठरलेल्या उंचीच्या खुणेपासून, निघायचं, संध्याकाळी तिथेच परतून आकडा जुळवायचा. एकदा तो जवळजवळ तीन सेंटिमीटरनं चुकला. मी दुर्बीण उचलून पुढं नेईपर्यंत काळ्या मातीत टेकवलेला स्टाफ खचला होता. दिवस वाया गेला.

त्यामुळे ६९३ किलोमीटरवरून फिरणारा युरोपचा सेंटिनेल-१ उपग्रह जमिनीचं मिलिमीटरमधलं खचणं टिपतो, असं पुतणीनं सांगितलं तेव्हा मी चक्क हसलो. ती याच विषयात काम करते. तिनं कागद-पेन्सिल घेतली.

उपग्रह रडारची लहर सोडतो आणि परत आलेली पकडतो. लहरीची लांबी ५.६ सेंटिमीटर. बारा दिवसांनी तो पुन्हा त्याच वाटेनं येतो. मधल्या काळात जमीन खचली असेल तर लहरीला जाता-येता जास्त अंतर पडतं. लहर म्हणजे फिरतं चाक समजा. बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्याला चिंधी बांधा. चाक पाव फिरलं की अर्धं, ते चिंधीवरून कळेल. पूर्ण फेरे किती झाले, हे मात्र चिंधी सांगत नाही. इथं एक फेरा म्हणजे जमिनीची २.८ सेंटिमीटरची हालचाल. म्हणून चित्रातल्या शेजारशेजारच्या ठिपक्यांवरून फेरे मोजत जायचं. कॅलिफोर्नियातल्या १९९२ च्या लँडर्स भूकंपाचं असं चित्र पुढच्याच वर्षी ‘नेचर’च्या मुखपृष्ठावर आलं, तेव्हा भूगर्भवाल्यांचे डोळे विस्फारले.

एका फेरीत अडीचशे किलोमीटर रुंदीचा पट्टा! आम्ही दिवसाला चार किलोमीटर करायचो.

तरी माझ्यातला सर्व्हेअर उणं काढतोच. रडार तिरपं बघतं, आणि उपग्रह साधारण उत्तर-दक्षिण फिरत असल्यानं त्या दिशेनं सरकलेली जमीन त्याला जवळपास दिसतच नाही. हवेतल्या बाष्पानं लहर रेंगाळते आणि नसलेला खड्डा दिसतो. नांगरट झाली की शेताचं जुनं चित्र नव्याशी जुळत नाही. घरं, पूल, उघडा कातळ मात्र वर्षानुवर्षं ओळख देतात. म्हणजे काळ्या मातीनं आम्हाला फसवलं, तसंच ती यालाही फसवते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सावकाश खचणाऱ्या जमिनीसाठी मात्र याला तोड नाही. जोशीमठ २०२२ च्या एप्रिल ते नोव्हेंबरमध्ये सुमारे ९ सेंटिमीटर खचल्याचं उपग्रहांवरूनच कळलं. माळीण गावाचं तसं नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी तिथला डोंगर काही क्षणांत खाली आला. बारा दिवसांनी येणारा पाहुणा तिथं काय करणार? नासा आणि इस्रोचा ‘निसार’ २०२५ मध्ये योगायोगानं त्याच तारखेला, ३० जुलैला, श्रीहरिकोट्याहून उडाला. त्याची एक लहर २४ सेंटिमीटरची आहे. ती झाडीच्या पानांतून बरीच आरपार जाते, म्हणून सह्याद्रीच्या हिरव्या उतारांसाठी मला त्याच्याकडून जास्त आशा आहे.

पण हे सगळं मोजमाप सापेक्ष असतं. अमुक जागा त्या तमुक जागेपेक्षा किती खचली, एवढंच ते सांगतं. ती तमुक जागा स्थिर आहे की नाही, हे जमिनीवरूनच तपासावं लागतं. तेव्हा गावच्या जुन्या पुलाच्या कठड्यावर बाण आणि ‘बी.एम.’ अशी अक्षरं कोरलेली दिसली, तर डागडुजी करताना त्यावर सिमेंट फासू नका.