सुरतेच्या वाटेवरचा खजिना

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीत लाँग जॉन सिल्व्हर या एक पाय गमावलेल्या चाच्याच्या खांद्यावर एक पोपट बसलेला असतो. कथानायक जिम हॉकिन्स लहान मुलगा आहे. त्याच्यापुढे बढाई मारताना सिल्व्हर सांगतो, की हा पक्षी मादागास्करला होता, मलबारला होता, आणि गोव्याहून निघालेल्या व्हाइसरॉयचं जहाज लुटलं गेलं तेव्हाही हजर होता. वाचताना हे वाक्य डोळ्यांखालून निघून जातं. वाचकाच्या मनात कॅरिबियन बेटं, रम आणि नकाशा ठसलेला असतो. गोवा तिथे कशाला आला, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही.

तो गोवा स्टीव्हन्सनच्या कल्पनेतून आलेला नव्हता. एप्रिल १७२१ मध्ये पोर्तुगीजांचं ‘नोसा सेन्योरा दो काबो’ हे मोठं जहाज वादळात डोलकाठ्या गमावून रेयुनियन बेटाच्या बंदरात कसंबसं उभं होतं. त्यावर गोव्याचा कार्यकाळ संपवून मायदेशी निघालेला व्हाइसरॉय, एरिसेराचा काउंट, होता आणि सोबत हिऱ्यांचा साठा. ऑलिव्हिए लव्हासूर आणि जॉन टेलर या दोन चाच्यांनी ते जहाज फारसे कष्ट न घेता ताब्यात घेतलं. वाटणीत माणशी ४२ लहान हिरे आले. एकाला मात्र त्या ४२ हिऱ्यांच्या मोलाचा एकच मोठा हिरा मिळाला. आपल्याला फसवलं म्हणून तो चिडला, त्याने हिरा खलबत्त्यात घालून कुटला आणि आपल्याकडे आता ४३ तुकडे झाले, म्हणजे सर्वांत मोठा वाटा आपलाच, असं तो सांगत सुटला.

ही गोष्ट ज्या पुस्तकात आली, तेच पुढच्या दोनशे वर्षांच्या चाचेकथांचं कोठार ठरलं. ‘कॅप्टन चार्ल्स जॉन्सन’ या टोपणनावाने १७२४ मध्ये लंडनमध्ये निघालेला तो चाच्यांचा इतिहास. हा जॉन्सन म्हणजे ‘रॉबिन्सन क्रूसो’चा लेखक डॅनियल डीफो, असं पुष्कळ काळ मानलं जात होतं, आता अभ्यासकांचा त्यावर पूर्वीसारखा भरवसा राहिलेला नाही. स्टीव्हन्सनने मात्र उसनवारी लपवली नाही. पोपट डीफोचा, सांगाडा एडगर ॲलन पोचा, लाकडी कोट कॅप्टन मॅरियटचा, असं त्याने नंतर एका लेखात मोकळेपणाने लिहून टाकलं. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावी पावसाने घरात कोंडून पडलेला असताना सावत्र मुलाच्या करमणुकीसाठी काढलेल्या एका नकाशातून ही कादंबरी सुरू झाली. समुद्राची उणीव त्याने वाचनाने भरून काढली.

आणि त्या वाचनातला समुद्र बराचसा आपल्याकडचा, म्हणजे अरबी समुद्र आणि हिंदी महासागर, होता. जॉन्सनच्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण हेन्री एव्हरी या चाच्यावर आहे. त्याचा पराक्रम म्हणजे सप्टेंबर १६९५ मध्ये सुरतेकडे परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटणं.

आता खानदेशच्या वाचकाने नकाशा उघडावा. सुरत-भुसावळ लोहमार्गावर नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव, जळगाव अशी स्टेशनं लागतात. सतराव्या शतकातला सुरत ते बुऱ्हाणपूर हा व्यापारी रस्ताही याच तापीच्या पट्ट्यातून जात होता. बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या खानदेश सुभ्याचं मुख्य ठाणं. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ मध्ये सुरतेहून नंदुरबारमार्गे बुऱ्हाणपूरला गेला. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निएने नवापूरच्या सुवासिक तांदळाचं कौतुक लिहून ठेवलं आहे. बुऱ्हाणपुरात विणलं जाणारं तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो आणि थेट पोलंडपर्यंत जातं, असंही तो नोंदवतो. ईस्ट इंडिया कंपनीने १६७४ मध्ये धरणगावला वखार घातली ती कापडासाठीच. पुढच्याच वर्षी, आणि पुन्हा १६७९ मध्ये, मराठ्यांनी ती लुटली.

खानदेशात विणलेलं कापड बैलांच्या तांड्यांवरून सुरतेला उतरे. तिथून ते मोखा आणि जिद्द्याच्या बाजारात जाई, आणि परतीच्या फेरीत त्याचे पैसे सोन्याचांदीच्या रूपात येत. ‘गंज-ए-सवाई’ अशाच परतीच्या फेरीवर होतं. इतिहासकार खाफीखान त्या काळात याच भागात वावरत होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे जहाजावर मोखा-जिद्द्याच्या विक्रीचे ५२ लाख रुपये होते आणि सुरत आठ-नऊ दिवसांच्या अंतरावर राहिली होती. लढाईच्या सुरुवातीलाच जहाजावरची एक तोफ फुटली आणि आपलीच माणसं मेली. कप्तान इब्राहिमखान जहाजाच्या तळात पळाला. मोख्याला विकत घेतलेल्या दासींच्या डोक्यांवर पागोटी बांधून त्यांनाच त्याने लढायला उभं केलं, असं खाफीखान संतापाने लिहितो.

यानंतर जे झालं तिथे इतिहास आणि कादंबरी यांच्या वाटा फुटतात. जहाजावर हजहून परतणारे यात्रेकरू होते, स्त्रिया होत्या. कित्येक दिवस लूट आणि अत्याचार चालले. काही स्त्रियांनी समुद्रात उड्या घेतल्या, काहींनी स्वतःला भोसकून घेतलं. लंडनमध्ये मात्र काही वर्षांतच याच एव्हरीचा रंगेल नायक झाला. त्याने मोगल राजकन्येशी लग्न केलं आणि मादागास्करला आपलं राज्य थाटलं, अशी कहाणी पसरली. तिच्यावर ड्रुरी लेनच्या रंगभूमीवर नाटक आलं, आणि १७१९ मध्ये ‘किंग ऑफ पायरेट्स’ ही छोटी पुस्तिका निघाली, जी डीफोच्या नावावर सांगतात. चाचेकथेचा रांगडा, दिलदार नायक असा घडला. तो दिलदार दिसावा म्हणून त्याच्या तावडीत सापडलेल्या बायकांना कथेतून गाळावं लागलं. या वाङ्मयाची मजा लुटताना हा हिशेब डोळ्यांआड करणं अवघड आहे.

सुरतेत या लुटीचा जाब लगेच विचारला गेला. खवळलेल्या शहराने इंग्रज वखारीतल्या सगळ्यांनाच चाचे ठरवलं. प्रमुख सॅम्युएल ॲनस्ली आणि त्याच्या माणसांच्या पायांत बेड्या पडल्या आणि जवळजवळ वर्षभर ते कोंडून पडले. एव्हरीच्या डोक्यावर आधी ५०० आणि मग १,००० पौंडांचं बक्षीस लागलं. त्याच्या पकडलेल्या सहा साथीदारांवर लंडनला खटला भरला. पहिल्या खटल्यात ज्यूरीने त्यांना सोडून दिलं, तेव्हा सरकारने नवा आरोप ठेवून दुसरा खटला चालवला आणि नोव्हेंबर १६९६ मध्ये पाच जणांना फाशी दिलं. एव्हरी कुणालाच सापडला नाही, आणि कथाकारांचं त्यामुळे फावलं.

पुरलेल्या खजिन्याची गोष्टही सुरतेपाशीच येऊन पोचते. कॅप्टन विल्यम किड याला चाच्यांना पकडण्यासाठी पाठवलं होतं. त्याने जानेवारी १६९८ मध्ये मलबारच्या किनाऱ्यावर ‘केदा मर्चंट’ नावाचं जहाज धरलं. ते बंगालहून सुरतेला निघालं होतं, त्यावर रेशीम, मलमल, साखर आणि सोरा होता. किडने अमेरिकेत पोचल्यावर लुटीचा काही भाग न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर पुरला. सरकारने तो १६९९ मध्येच उकरून जप्त केला आणि १७०१ मध्ये किड फासावर गेला. खजिना संपला, तरी तो अजून कुठेतरी पुरलेला आहे ही समजूत संपली नाही. पोची ‘गोल्ड बग’ ही १८४३ ची कथा याच किडच्या खजिन्याची आहे. तिथून ती कल्पना स्टीव्हन्सनकडे आणि पुढे प्रत्येक मुलाच्या वहीतल्या फुलीपर्यंत गेली. जमिनीत धन पुरणारे खरे चाचे फार थोडे. बहुतेकांचा माल कापडाचे गठ्ठे, साखर आणि नीळ असा होता, आणि मिळालेला पैसा बंदरातल्या गुत्त्यांत उडून जाई.

सुरतेने ज्या कंपनीच्या माणसांना चाचे म्हणून बेड्या घातल्या, त्याच कंपनीने पुढे पंचवीस वर्षांच्या आत तोच शब्द सरखेल कान्होजी आंग्र्यांना लावला. कान्होजी छत्रपतींच्या आरमाराचे प्रमुख होते. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजाने त्यांचं दस्तक, म्हणजे परवाना, घ्यावं, नाहीतर माल जप्त होईल, हा त्यांचा कायदा. पोर्तुगीजांनी आधीची शंभर-दीडशे वर्षं याच समुद्रात हेच केलं होतं. इंग्रजांनी १७१८ मध्ये खांदेरीवर आणि १७२१ मध्ये पोर्तुगीजांना सोबत घेऊन कुलाब्यावर चढाई केली. दोन्ही वेळा हात हलवत परतावं लागलं. मधल्या काळात, १७२० मध्ये, विजयदुर्गावरच्या फसलेल्या मोहिमेवरून परतणाऱ्या इंग्रज आरमाराला टेलरचे खरे चाचे भेटले, तेव्हा त्या आरमाराने लढण्याऐवजी काढता पाय घेतला. या मोहिमांत असलेल्या क्लेमेंट डाउनिंगने १७३७ मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात आंग्रे ‘पायरेट’ म्हणूनच येतात.

तिथून ‘अँग्रिया’ हे नाव इंग्रजी कल्पनाविश्वात शिरलं. १८३४ च्या सुमारास शार्लट ब्रॉंटे आणि तिचा भाऊ ब्रॅनवेल यांनी यॉर्कशरच्या आपल्या घरात बसून एक काल्पनिक राज्य रचलं. त्याचं नाव अँग्रिया. इंग्रजी कागदांत आंग्र्यांचं नाव असंच लिहिलं जात होतं. १९०६ मध्ये हर्बर्ट स्ट्रँग या नावाने लिहिणाऱ्या दोन लेखकांच्या जोडीने ‘इन क्लाइव्ज कमांड’ ही मुलांसाठीची कादंबरी काढली. तिचा इंग्रज नायक आंग्र्यांच्या तावडीत सापडतो, घेरिया म्हणजे विजयदुर्गाच्या कैदेत खितपत पडतो आणि तिथून निसटतो. सगळा मसाला ‘ट्रेझर आयलंड’चाच. फरक एवढाच, की खलनायकाच्या जागी मराठी आडनाव आहे. १७५६ मध्ये विजयदुर्ग पडला तो इंग्रज आणि पेशवे यांच्या संगनमताने आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळून गेलं. ही कडू बाजू अशा कादंबरीत अर्थातच गौण ठरते.

मग मराठीने आपल्या बाजूने काय लिहिलं? खरं सांगायचं तर थोडं. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं’मुळे एकोणिसाव्या शतकातच सिंदबाद मराठी घरात आला. पुढे भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न आणला. व्हर्नचा पाणबुडीवाला कॅप्टन निमो हा मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो, हे कळल्यावर कितीतरी मुलांची कॉलर ताठ झाली असेल. स्वतंत्र लेखनात नाथमाधवांचं नाव आधी घ्यावं लागतं. सिंहगडावर शिकारीच्या वेळी कड्यावरून पडून कमरेखालचं अंग लुळं पडलेला हा माणूस अंथरुणावरून लिहीत राहिला, आणि त्याने ‘सावळ्या तांडेल’ लिहून दर्यावरच्या माणसाला नायक केलं. गो. नी. दांडेकरांच्या शिवकाळावरच्या पाच कादंबऱ्यांतली ‘दर्याभवानी’ तेवढी समुद्रावरची. मराठी ऐतिहासिक कादंबरी गडांवर जशी जीव टाकते तशी गलबतांवर टाकत नाही. घोड्याचं खोगीर लेखकाला ठाऊक असतं, गुराबेचं, म्हणजे लढाऊ गलबताचं, शीड ठाऊक नसतं.

कान्होजींचं सर्वांत वाचनीय चरित्र तर मूळ इंग्रजीत आलं. १९५९ मधलं ते पुस्तक मनोहर माळगावकरांचं. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेला हा लेखक जगलबेटच्या जंगलात राहत होता. त्या चरित्राचा मराठी अनुवाद पु. ल. देशपांड्यांनी केला. हेमिंग्वेच्या म्हाताऱ्या कोळ्याला ‘एका कोळियाने’मध्ये मराठीत आणणारेही पु. ल.च.

लिहिण्यासाठी कच्चा माल नाही असं मात्र कुणी म्हणू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचं निधन १९२६ च्या अखेरीस धुळ्यात झालं. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ दुसऱ्याच वर्षी तिथे उभं राहिलं. राजवाड्यांनी जन्मभर गोळा करून छापलेल्या साधनांत पेशव्यांचे गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांचा पत्रव्यवहार आहे, आणि त्या स्वामींच्या चरित्रात एक अख्खी सागरी कादंबरी दडलेली आहे. सावनूरच्या नवाबाने दिलेला एक हत्ती जंजिऱ्याच्या सिद्दीसाठी स्वामींमार्फत कोकणात आणला जात होता. वाटेत तो आंग्र्यांच्या माणसांनी अडवला. स्वामींनीच दगा दिला असं समजून जंजिऱ्याचा सरदार सिद्दी सात याने १७२७ मध्ये चिपळूणजवळचं परशुरामाचं देऊळ लुटून उद्ध्वस्त केलं. स्वामी रागाने कोकण सोडून साताऱ्याजवळ धावडशीला येऊन राहिले आणि तिथून सिद्दीचं पारिपत्य करा म्हणून त्यांनी साताऱ्याच्या दरबारात तगादा लावला. १७३३ मध्ये बाजीराव पेशवे जंजिऱ्यावर चालून गेले, त्यामागे हा तगादाही होता.