इवल्या चकतीत घरचे आवाज

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचे खोके खाली येतात. एखाद्या खोक्यात जुने चष्मे, तुटकी मनगटी घड्याळं, वायरींची गुंतवळ आणि तळाशी हाताच्या पंजात मावेल असं एक चपटं यंत्र निघतं. सोबत प्लॅस्टिकच्या चौकोनी डब्यांत बसवलेल्या चार-सहा चकचकीत चकत्या. "हे काय गं? चालतं का तरी?" अशी घरात चौकशी होते, कुणालाच नीटसं सांगता येत नाही, आणि खोका भंगारवाल्याच्या पोत्यात जातो.

मैत्रिणींनो, या वेळी जरा थांबा. ते यंत्र मिनिडिस्क वाजवायचं असेल, तर पोत्यात टाकण्याआधी त्या चकत्यांत काय भरलं आहे ते बघा. बाजारातली गाणी असतील तर ती कुठेही मिळतील. पण एखादीत घरच्या माणसाचा आवाज असेल, तर तो जगात दुसरीकडे कुठेच नाही.

हे यंत्र आलं कुठून?

सोनी कंपनीने मिनिडिस्क पहिल्यांदा जपानमध्ये विकायला आणली ती नोव्हेंबर १९९२ मध्ये. त्याआधी १९७९ साली याच कंपनीचा वॉकमन निघाला होता, आणि कॅसेट तर त्याच्याही आधीची, १९६३ सालची. कॅसेटची फीत गुंतते, ताणते, एखादं गाणं शोधायचं तर मागेपुढे फिरवत बसावं लागतं. मिनिडिस्कमध्ये ही कटकट नव्हती. साधारण सात सेंटिमीटर लांबी-रुंदीच्या डबीत ६४ मिलिमीटरची चकती. साठ मिनिटांची, चौऱ्याहत्तर मिनिटांची आणि पुढे ऐंशी मिनिटांचीही मिळू लागली. हवं ते गाणं बटण दाबताच लागायचं. नको तो भाग पुसावा, दोन भाग जोडावे, क्रम बदलावा, नाव घालावं. सगळं त्या पंजाएवढ्या यंत्रावर.

एवढ्याशा चकतीत एवढं मावतं कसं? कानाला जे सहसा जाणवत नाही ते यंत्र गाळून टाकतं आणि आवाजाची नोंद मूळच्या साधारण पाचव्या हिश्शावर आणतं. आपण पीठ चाळतो तसंच, म्हणा ना! भरताना लेझरचा किरण चकतीवरचा सुईच्या टोकाहूनही बारीक ठिपका सुमारे १८० अंशांपर्यंत तापवतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या बाजूचं चुंबक त्याला दिशा देतं. ठिपका थंड झाला की नोंद पक्की. म्हणूनच कॅसेट चुंबकाजवळ ठेवली तर बिघडते, पण मिनिडिस्कला तशी भीती फारशी नाही.

आमचं मरोळ पूर्वी गावठाण आणि वाड्यांचं. मग एम.आय.डी.सी. आली, १९७३ मध्ये सीप्झ आलं, आणि १९८१ साली सहारचं आंतरराष्ट्रीय टर्मिनल जवळच उभं राहिलं. ओळखीच्या पुष्कळ घरांतून कुणी ना कुणी दुबईला, मस्कतला नोकरीला. परदेशची वस्तू दुकानापेक्षा सुट्टीवर आलेल्या दिराच्या किंवा भावाच्या बॅगेतूनच घरात यायची. आमच्याकडेही हे यंत्र २००१ साली असंच आलं. धाकट्या भाऊजींनी आणलं ते 'ह्यां'च्यासाठी. पण ह्यांना ऐकायला सवड कुठली? महिन्याभरात ते माझ्या फडताळात येऊन बसलं.

तुम्हीच आठवून बघा, घरातलं कुठलं यंत्र खास आपलं असतं? मिक्सर आपला म्हणायचा, पण तो काम करायला. टीव्ही सगळ्यांचा, म्हणजे ज्याच्या हातात रिमोट असेल त्याचा. कणिक मळताना, पोळ्या लाटताना कानात आपल्या आवडीचं गाणं असावं आणि बाहेर कुणाला त्याचा त्रास नसावा, हे सुख मला या यंत्राने दिलं. मरोळहून अंधेरी स्टेशनला जाताना बसने कितीही आचके दिले तरी गाणं अडखळायचं नाही, कारण यंत्र काही सेकंदांचं गाणं आधीच वाचून साठवून ठेवतं. पण त्याचं खरं मोल ऐकण्यात नव्हतं. ते होतं त्याच्या लाल बटणात, आवाज भरून घेण्यात.

सासूबाई आणि 'डबी'

सासूबाईंचं माहेर मुळशी तालुक्यातलं. शाळा पाहिलेली नाही. पण ओव्या, पंचमीची गाणी, उखाणे आणि औषधं यांचं भांडार. मी माइक जोडून पुढे धरला की त्या तोंड फिरवायच्या. "कशापायी गं माजा गळा त्या डबीत घालतीस? मी काय लताबाई हाय?" आग्रह केला तर एकही ओवी आठवायची नाही.

मग मी नाद सोडला. त्या भाजणी करायला बसल्या की यंत्र फडताळात ठेवायचं आणि सांगायचं, "आई, डबी चालू आहे बरं का." त्या नाक मुरडायच्या आणि पाचव्या मिनिटाला डबीला विसरून जायच्या. चकलीच्या भाजणीचं प्रमाण विचारलं तर आयुष्यभर "हाताच्या अंदाजाने" हेच उत्तर मिळालेलं. चकतीवर मात्र त्या स्वतःशीच मोजताना ऐकू येतात: तांदूळ चार, चण्याची डाळ दोन, उडदाची एक, मुगाची अर्धी. आणि मध्येच मला म्हणतात, "आवाज ऐक. दाणा वाजायला लागला की उतरव." कढईतला तो कोरडा खळखळाट चकतीत आहे. पुस्तकात 'खमंग भाजावे' एवढंच लिहिलेलं असतं; खमंग म्हणजे नेमकं कधी, ते कान सांगतात.

ओव्यांचं कोडं सुटलं ते नणंदेच्या मुलीच्या लग्नात. घाणा भरायला जातं आणलं होतं. सासूबाईंचा हात खुंट्यावर पडला मात्र, आणि जातं फिरू लागताच एकामागून एक ओव्या बाहेर पडू लागल्या. चाल, शब्द, लेकीचं नाव घालायची जागा, सगळं आपोआप. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ओवी नुसती डोक्यात साठवलेली नसते. ती हाताच्या फेऱ्याला बांधलेली असते. तासाभराची चकती जवळजवळ भरली.

सासूबाई २००९ साली गेल्या. आमच्याकडे त्यांच्या सहा चकत्या होत्या. म्हणजे वाजणाऱ्या पाच. सहावीत नागपंचमीची गाणी होती. ती भरून झाल्यावर मी थांबवायचं बटण दाबलं, आणि यंत्र चकतीवर अनुक्रमणिका लिहून काढतं आहे तोच धाकट्याने सेल उपसून आपल्या मोटारीत घातला. सात वर्षांचं पोर ते, त्याला काय कळणार! मिनिडिस्कमध्ये आवाज आधी भरला जातो आणि कुठे काय आहे याची नोंद शेवटी होते. ती नोंद झाली नाही तर यंत्र चकती कोरी समजतं. गाणी आत असूनही ती आम्हांला पुन्हा ऐकता आली नाहीत. सासूबाईंनी तेव्हा हसून सोडून दिलं, "फुडल्या पंचमीला म्हनीन की." पुढच्या पंचमीला त्यांना दम्याने गाता आलं नाही.

एकट्या घरची गोष्ट नव्हे

तुम्ही म्हणाल, चार ओव्यांचं एवढं काय? ज्या मुळशी-मावळ भागातल्या सासूबाई, त्याच भागातून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे शेकडो गावांतून लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्या आधी कागदावर उतरल्या. मग १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक येऊन मिळाले आणि गाणाऱ्या बायकांचे आवाज ध्वनिमुद्रित झाले, सुमारे १२० तासांचे. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या ओव्या आवाजासकट लोकांपुढे आणायला सुरुवात केली. ज्यांचं नाव गावाबाहेर कधी गेलं नव्हतं, अशा बायकांचा गळा आज कुणालाही ऐकता येतो.

विजेच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि ओव्या थांबल्या. कागदावर शब्द राहतात. पण कुठे श्वास घेतला, कुठे आवाज भरून आला, ते कागद सांगत नाही. अभ्यासक सगळ्या घरांत पोचणार नाहीत. आपल्या घरचा आवाज आपणच जपायला हवा.

आणि घाई का, तेही सांगते. सोनी कंपनीने मिनिडिस्कची यंत्रं मार्च २०१३ मध्ये बंद केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोऱ्या चकत्यांचं उत्पादनही थांबवलं. चकती चांगली टिकते, पण ती वाजवणारी यंत्रं दरवर्षी कमी होत जाणार. आता मिळतील ती वापरलेलीच.

आता काय करायचं?

जुनं यंत्र हाती लागलं, तर हे एवढं करा:

* आधी सेलचं झाकण उघडा. जुना सेल फुटून पांढरी भुकटी जमली असेल तर हातमोजे घालून, कापसाच्या काडीला थोडंसं व्हिनेगर लावून पुसा आणि नीट कोरडं होऊ द्या. यंत्राची मूळची चपटी, च्युइंगमच्या पट्टीसारखी बॅटरी आता सहज मिळत नाही. पण पुष्कळ यंत्रांना बाहेरून पेन्सिल सेलची डबी जोडता येते. ती खोक्यात शोधा.

* चकती घालण्याआधी तिच्या कडेची बारीक पट्टी सरकवा. भोक उघडं दिसलं म्हणजे चकती पुसली जाणार नाही. (कॅसेटला हेच काम मागची टिकली मोडून होतं.) चकतीचं धातूचं झाकण बोटाने उघडू नका.

* यंत्राच्या इअरफोनच्या भोकातून संगणकाच्या आवाज आत घेणाऱ्या भोकात दोन्ही टोकांना पिन असलेली वायर जोडा. नव्या लॅपटॉपला तसं भोक नसेल तर त्यासाठी छोटा जोड मिळतो. 'ऑडॅसिटी' हा आवाज भरून घेण्याचा प्रोग्रॅम फुकट आहे. हे मुलांकडून करून घ्या, पण शेजारी बसा.

* आवाज मध्यम ठेवून आधी एकच मिनिट भरून ऐका. घरघर नाही ना, फाटत नाही ना, बघा. चौऱ्याहत्तर मिनिटांच्या चकतीला चौऱ्याहत्तर मिनिटंच लागतात. तेवढ्यात भाजी निवडून होते.

* प्रत्येक नोंदीला नाव द्या: कोण बोलतं आहे, साल, गाव, काय म्हटलं. दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरी ठेवा. एक माहेरी, एक सासरी, असं झालं तर उत्तमच.

* काम पुरं होईपर्यंत सेलला कुणाचा हात लागू देऊ नका!

यंत्र कधी नव्हतंच, तरी हिरमुसू नका. आज प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे आणि त्यात आवाज भरायची सोय आहे. पंखा बंद करा, कुकर उतरवा, मोबाइल टॉवेलाच्या घडीवर, बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर ठेवा. मध्येच फोन वाजू नये म्हणून तशी व्यवस्था करा. आमच्या मरोळला विमान डोक्यावरून गेलं की अर्धं वाक्य बुडतं. तिथं घाई न करता तेवढं पुन्हा म्हणायला सांगावं.

आणि हो, चोरून भरू नका. आवाज ज्याचा, त्याची परवानगी आधी घ्या. "गाणं म्हणा" असं फर्मान सोडू नका. हातात काम द्या. शेंगा सोलायला द्या, वाती वळायला द्या, पाटा-वरवंटा असेल तर तो काढा. "तुमच्या लग्नात पंगतीला काय होतं?", "पहिलं बाळंतपण कुठे झालं?", "मुंबईत पहिल्यांदा कुठे उतरलात?" असे प्रश्न विचारा आणि मग गप्प बसा. मध्येच "हो का?" म्हणून आपला आवाज भरत राहू नका. ज्यांच्याशी आपलं वर्षानुवर्षं भांड्याला भांडं लागत आलं, त्यांच्याही मनातलं अशा वेळी ऐकायला मिळतं. मला सासूबाई खऱ्या कळल्या त्या भाजणीच्या दुपारीच.

येत्या रविवारी जेवणं आटोपली की वामकुक्षी अर्धा तास पुढे ढकला. घरात किंवा शेजारी जे सगळ्यांत वडील माणूस असेल त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि विचारा, "आई, भाजणीचं प्रमाण पुन्हा एकदा सांगता का?"