श्वासाची नळी

वर्षावासात वडूजच्या वस्तीत ग्रंथवाचन संपलं की विहारात आम्ही थोडा वेळ आरोग्याचं बोलतो. एकदा पिशवीतून हातभराहून लांब नळी काढली, तशा पुढे बसलेल्या आजी म्हणाल्या, "आगं बाई, किसनाची मुरली हितं कशाला आनलीस?" मागून एक तात्या बोलले, "गावकीत वाजवायचं वाडवडलांनी सोडलं. आता पोरांच्या हातात परत देता व्हय?" दोघांचंही बोलणं आम्हाला लागलं, कारण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात हे प्रश्न यायलाच हवेत.

ही मुरली नव्हे, जपानची शाकुहाची. मुरली आडवी धरतात, ही उभी. पुढे 4 भोकं, मागे अंगठ्यासाठी 1. लांबी 1 शाकू 8 सुन, म्हणजे साधारण साडेचोपन्न सेंटिमीटर. नाव मापावरूनच पडलं. फुके पंथाचे झेन साधक डोक्यावर टोपली घालून, ही वाजवत भिक्षा मागत. 1871 मध्ये सरकारने तो पंथ बंद केला, वाद्य मात्र टिकलं. या वाजवण्याला ते सुइझेन म्हणतात, म्हणजे फुंकून केलेलं ध्यान. झेन हा शब्द तरी कुठला? आपल्या पालीतल्या झानचाच. आनापानाला बसता तेव्हा श्वास नुसता पाहता, इथे तो ऐकू येतो.

बांबूची खरी शाकुहाची आपल्याला परवडायची नाही. आम्ही नळफिटिंगवाल्या पोराकडून प्लॅस्टिकचा पाइप कापून घेतला, कडा घासून, धुऊन घेतला. चार दिवस त्यातून नुसता वारा निघाला. पाचव्या दिवशी जोर लावला तर डोळ्यांपुढे अंधारी आली! इतकी वर्षं वॉर्डात काढलेली आम्ही नर्स, आणि हेच विसरलो. भराभर फुंकलं की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि चक्कर येते. म्हणून बसून वाजवावं, गरगरलं की थांबावं. श्वास घेताना खांदे वर जाऊ नयेत, पोट पुढे यावं, आणि सोडताना घाई नको.

पहिला आठवडा सगळी भोकं बंद करून एकच खालचा सूर, 'रो', रोज 10 मिनिटं. मग दुसरा. भोकं एकेक उघडली की मिळणारे स्वर आपल्या धानी रागाचे: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. मनाने वाजवायला दोन-तीन सुरांपासूनच सुरुवात करावी. एका श्वासात एकच वाक्य, आणि पुढचा श्वास घेईपर्यंत शांतता. ताल नको. शाहीर समोरची माणसं पाहून ओळ लांबवतो, तसं इथे श्वास पाहून लांबवायचं. चुकीचा सूर लागला तर मुद्दाम पुन्हा तिथेच यावं, मग तो चुकलेला वाटत नाही. हनुवटी खाली केली की सूर उतरतो, वर केली की चढतो. जपानात म्हणतात, मान हलवायला शिकण्यातच तीन वर्षं जातात.

टीबीचा कोर्स पूर्ण झालेली आमची एक ताई आधी डॉक्टरांना विचारून आली. सुरुवातीला तिचा सूर चार मोजेपर्यंत टिकायचा, आता अकरा. फुप्फुसं सुधारली असं आम्ही म्हणणार नाही, पण श्वास जपून सोडायला ती शिकली. दम्याचा पंप नळीसाठी कुणी बंद करू नये. दोन आठवडे खोकला असेल तर नळी बाजूला ठेवून आधी सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी, तपासणी मोफत आहे. आणि एकाची नळी दुसऱ्याने तोंडाला लावू नये, सख्ख्या भावाचीसुद्धा.

तात्या आता मागे बसून ऐकतात. आजींना अजून पटलेलं नाही. त्यांच्या नातवासाठी मात्र वेगळा पाइप कापायला सांगितला आहे.