उंबर, करंज, अंकोल : वऱ्हाडातील नगरनामे आणि वृक्षकल्पना

नगर वसले म्हणजे रान मागे हटते, असा सर्वसाधारण समज आहे. भाषेच्या अभ्यासकाला या समजाची दुसरी बाजूही दिसते. झाड तोडले जाते, त्या ठिकाणी पेठ उभी राहते, परंतु झाडाचे नाव त्या पेठेला चिकटून राहते. पुढे नावाचा मूळ अर्थ लोकांच्या ध्यानातून गेला, की लोककल्पना त्याच्या जागी एखादा देव, ऋषी किंवा राजा आणून बसवते. वऱ्हाडातील अमरावती, कारंजा आणि अकोला ही तीन नावे या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहेत.

अमरावतीचे जुने नाव ‘उदुंबरावती’ असल्याची परंपरा सर्वश्रुत आहे. या नावाची घडण व्याकरणशास्त्राला अपरिचित नाही. ‘ते ज्या देशात आहे’ या अर्थाने होणाऱ्या देशनामांचा विचार पाणिनीने अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायात केला आहे, आणि तेथे (४.२.६७) काशिकाकार पहिले उदाहरण देतात ते ‘औदुंबर’, म्हणजे उंबराची झाडे असलेला प्रदेश. बहुस्वरी शब्दाला ‘मतुप्’ प्रत्यय लागून संज्ञा होते तेव्हा अंत्य स्वर दीर्घ होतो, हा नियम पुढे सहाव्या अध्यायात (६.३.११९) येतो. त्याच्या उदाहरणांत काशिकेने ‘उदुंबरावती’ आणि ‘अमरावती’ ही दोन्ही नावे एकाच ओळीत दिली आहेत. हा अर्थातच वऱ्हाडातील नगराचा उल्लेख नव्हे. काशिकेतील उदुंबरावती ही अन्यत्र नदी म्हणून सांगितलेली आहे. परंतु ही दोन नावे एकाच साच्यातून निघालेली आहेत, त्यामुळे एकीच्या जागी दुसरी येणे कानाला मुळीच खटकत नाही, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

आता ध्वनिपरिवर्तन पाहू. ‘उदुंबर’ शब्दातील मधल्या ‘दु’चा विकल्पाने लोप होतो, हे हेमचंद्राने बाराव्या शतकात आपल्या प्राकृत व्याकरणात नमूद केले आहे. त्यातूनच ‘उंबर’ आणि ‘उउंबर’ ही रूपे सिद्ध होतात. मराठीने ‘उंबर’ ठेवले, हिंदीने ‘ऊमर’. मराठीत अनुनासिकानंतरचा ओष्ठ्य स्पर्श सामान्यतः टिकतो आणि हिंदीत तो लोपतो. आंबा व आम, लिंब व नीम, जांभूळ व जामुन या जोड्यांतही हाच भेद दिसतो. या दृष्टीने वऱ्हाड हा सीमेवरचा प्रदेश आहे. यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड आणि अकोला शहराच्या पोटात सामावलेली मोठी उमरी व लहान उमरी या नावांत ‘ब’ उरलेला नाही. अमरावतीला लागून असलेला बडनेरा आणि दर्यापूर तालुक्यातील वडनेर गंगाई यांची तुलनाही याच अंगाने करता येते. दोन्ही नावे वडाशी जोडली, तर ‘नेर’ हे उत्तरपद ‘नगर’ शब्दाचे झिजलेले रूप ठरते, आणि बडनेऱ्यात ‘व’चा ‘ब’ झालेला, म्हणजे पुन्हा उत्तरेकडील उच्चार दिसतो.

‘उदुंबरावती’पासून ‘उमरावती’पर्यंतचा प्रवास याप्रमाणे नियमित आहे. ‘उमरावती’पासून ‘अमरावती’पर्यंतचा मात्र तसा नाही. आद्य ‘उ’चा ‘अ’ व्हावा असे येथे कोणतेही ध्वनिकारण नाही. तो बदल ध्वनीने नव्हे तर अर्थाने घडवला आहे. उमरावती म्हणजे काय ते कळेनासे झाले, आणि अमरावती म्हणजे इंद्राची नगरी हे तर पुराण ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होते. जुना उच्चार किती अलीकडेपर्यंत जिवंत होता याची साक्ष परकीयांच्या लेखनात सापडते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अधिकारी व व्यापारी या नगराचे नाव ‘ऊमरावती’ असे ऐकत व लिहीत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालू असताना तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानी कापसाला अपूर्व मागणी आली. त्या काळी लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडचा कापूस ‘ऊमरावती’ या नावाने विकला जाई. पुढे व्यापारात त्याचे ‘ऊमरा’ असे संक्षिप्त रूप रूढ झाले. लिव्हरपूलच्या दलालाला उंबराचे झाड ठाऊक असण्याचे कारण नव्हते, तरी झाडाचे नाव त्याच्या तोंडी होते. इकडे नगरवासी मात्र स्वर्गाचे नाव घेत होते.

स्वर्गातील अमरावतीलाही झाडे आहेत. मंदार, पारिजातक, संतान, कल्पवृक्ष आणि हरिचंदन हे पाच देववृक्ष अमरकोशाने नोंदवले आहेत. ओढ्याकाठच्या खरबरीत पानांच्या झाडाची जागा या पंचकाने घेतली, असे म्हणावयास हरकत नाही. ‘अंबानगरी’ हे नाव याच क्रमातील तिसरी पायरी होय. त्यात नगराचा संबंध अंबादेवीशी, आणि देवीच्या द्वारे कौंडिण्यपूरच्या रुक्मिणीशी जोडला जातो. प्रांताचे ‘वऱ्हाड’ हे नावही लोक रुक्मिणीच्या लग्नाच्या वऱ्हाडावरून आले असे सांगतात. असल्या व्युत्पत्ती शास्त्राला मान्य नसल्या तरी टाकाऊ नव्हेत. आपल्या भूमीची कल्पना लोक कशी करतात ते त्यांतून समजते.

कारंजाच्या बाबतीत झाड अजून डोळ्यांसमोर आहे. करंज हा रस्त्याच्या कडेला सर्रास दिसणारा वृक्ष. तरीही नगराचे नाव करंज ऋषीवरून पडले अशी आख्यायिका सांगितली जाते. झाडाचा ऋषी होणे ही येथील पायरी. हेच कारंजा (आज वाशीम जिल्ह्यात, १९९८ पूर्वी अकोला जिल्ह्यात) नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान आहे, आणि दत्तसंप्रदायात औदुंबराला जे माहात्म्य आहे त्याचा गुरुचरित्राशी निकटचा संबंध आहे. करंजाच्या नावाचे गाव औदुंबराखाली बसणाऱ्या सत्पुरुषाची जन्मभूमी ठरले, हा योगायोग लक्षणीय म्हटला पाहिजे.

अकोल्याचे नाव अकोलसिंग नावाच्या राजपुतावरून आले असे लोक सांगतात. सशाने कुत्र्याचा पाठलाग केलेला पाहून त्याने तेथे गढी बांधली, अशी कथा आहे. सशाची आणि कुत्र्याची ही कथा हिंदुस्थानातील अनेक गडांना व नगरांना लावलेली असल्याने तिच्यावर फार भार टाकता येत नाही. दुसरा मार्ग अंकोल वृक्षाचा. संस्कृत ‘अंकोठ’ याचे प्राकृत ‘अंकोल्ल’ होते, असेही हेमचंद्र सांगतो. कारवारकडील अंकोला या गावात अनुनासिक टिकले आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले आणि वऱ्हाडातील अकोला यांत ते गेले आहे. ही व्युत्पत्ती सिद्ध झाली असे नव्हे, परंतु सशापेक्षा ती अधिक विश्वसनीय आहे. अंकोल हे कोरड्या, खडकाळ रानातील काटेरी झाड. त्याला पार बांधलेला नाही की त्याच्यावर दिवा लागत नाही. त्याच्या जागी राजपूत सरदार येणे त्यामुळे अधिकच सोपे गेले असावे.

पुन्हा उंबराकडे वळले पाहिजे, कारण त्याच्या बाबतीत कल्पना आणि निरीक्षण यांची गाठ विशेष घट्ट आहे. ‘उंबराचे फूल’ म्हणजे कधीच न दिसणारी वस्तू. फूल दिसत नाही ते फळाच्या आत असल्यामुळे. ज्याला फळ म्हणतात तो आतल्या बाजूस वळलेला फुलोराच असतो, आणि सूक्ष्म गांधीलमाश्या आत शिरून परागण करतात. संस्कृतने या झाडाला ‘जंतुफल’ म्हटले. फुले हुकली, पण त्यांच्यात वावरणारे जीव भाषेने अचूक टिपले. यज्ञातील उपयोगामुळे त्याला ‘यज्ञांग’ हेही नाव मिळाले. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ‘उदुंबर’ शब्द दाराच्या चौकटीच्या आडव्या लाकडासाठी येतो, आणि मराठीतील ‘उंबरा’ व ‘उंबरठा’ त्याच कुळातील आहेत. ज्या नगराच्या नावातून उंबर निघून गेला तेथील प्रत्येक घराच्या दारात तो अद्याप आहे.

मराठीत या एका झाडाला दोन शब्द आहेत. ‘औदुंबर’ हा तत्सम शब्द पार, पादुका आणि प्रदक्षिणा यांसह येतो. ‘उंबर’ हा तद्भव शब्द शेताच्या बांधावर, नाल्याच्या काठी, तांबट आणि वटवाघळे यांच्या सोबतीने येतो. हा भेद केवळ कोशातला नाही. रस्ता रुंद करताना औदुंबराला वळसा दिला जातो आणि उंबर पडतो, असा अनुभव शहरोशहरी येतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही झाडे एकच असताना एक वाचावे आणि दुसरे जावे, याचा निर्णय शब्दानेच केलेला असतो. जी कल्पना झाडाला देवत्व देऊन राखते, तीच देवत्व नसलेल्या त्याच्या भावंडाला अदृश्य करते. पोहरा-मालखेडचे रान अमरावतीच्या सीमेला भिडले आहे आणि तेथील बिबट्या वस्तीच्या कडेला, विद्यापीठाच्या परिसरातही दिसल्याच्या वार्ता येत असतात. बिबट्याची बातमी होते. त्याच रानातून ओहळाच्या काठाकाठाने शहरात उतरलेल्या उंबराची होत नाही.

नामकरणाची ही प्रक्रिया थांबलेली नाही. मादागास्करहून आलेला गुलमोहर आज वऱ्हाडातील रस्त्यांवर इतका रुळला आहे, की त्याच्या नावाचे उत्तरपद मुळात काहीही असो, मराठी कानाला त्यात आंब्याचा मोहरच ऐकू येतो. परके झाड याप्रमाणे शब्दाने घरचे होते. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी हेच काम जाणीवपूर्वक केले. वनखात्यात, मेळघाटातही, काम करताना त्यांनी वनवासींच्या बोलीतील शब्द टिपले आणि ‘सारंगागार’, ‘काकागार’ असे नवे शब्द घडवले. बगळ्यांच्या वसाहती कित्येकदा भरवस्तीतील चिंचेवर किंवा पिंपळावर असतात. ‘घाण करणारे झाड’ म्हणून जे तोडले जाई त्याला ‘सारंगागार’ म्हणता येऊ लागले, हा बदल लहान नव्हे.

महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांतील वृक्षसंरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षे वयाच्या झाडाला ‘हेरिटेज वृक्ष’ ठरवले, आणि ते तोडल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. वय हे माप कायद्याला सोयीचे आहे, परंतु वृक्षगणनेच्या नोंदवहीत झाडाच्या नावाचाही एक रकाना असतो, आणि तेथे बोलीतील नाव क्वचितच उतरते. अकोल्याच्या उमरीत उभ्या असलेल्या झाडापुढे ‘औदुंबर’ लिहावे, ‘उंबर’ लिहावे की ‘उमर’, हा प्रश्न पालिकेच्या गणकाला पडत नाही; भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो पडला पाहिजे. अकोल्याचा विमानतळ शिवणी येथे आणि अमरावतीचा बेलोरा येथे आहे. या दोन गावांत, तसेच बडनेरा व वडाळी येथे, जुन्या रहिवाशांकडून झाडांची नावे उच्चारासह उतरवून घेण्याचे काम एका उन्हाळ्यात होण्यासारखे आहे. शिवण, बेल आणि वड यांपैकी कोणते झाड त्या त्या ठिकाणी आज उभे आहे, याची नोंद त्याच वहीत शेजारच्या रकान्यात करता येईल.