शंभर वॉनचा पुनर्जन्म

सोलच्या मेट्रोची तीन नंबरची लाइन हान नदी ओलांडते ती दोंगहो पुलावरून. संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावरची गाडी, आणि ती नेमकी पुलावर थांबते. डब्यातले दिवे जातात. किम दोकजा नावाचा 28 वर्षांचा कंत्राटी कर्मचारी मोबाइल हातात धरून तिथंच आहे. गेली दहाएक वर्षं तो एकच वेबकादंबरी वाचतोय, 3,149 भागांची. शेवटपर्यंत टिकलेला तो एकटाच. कोरियन भाषेत ‘दोकजा’ म्हणजे वाचक; एकुलता एक मुलगा असाही त्याचा अर्थ होतो. तेवढ्यात हवेत एक दोक्केबी उगवतो. दोक्केबी म्हणजे तिकडच्या लोककथांमधलं खोडकर भूत. ते जाहीर करतं, की या ग्रहाची फुकट सेवा आता बंद झाली आहे. इतके दिवस माणसं पैसे न मोजता जगली, आता मोजायचे. आणि दोकजाच्या लक्षात येतं, की हे सगळं आपण वाचलेलं आहे.

‘सर्वज्ञ वाचकाचा दृष्टिकोन’ असं मराठीत म्हणता येईल, त्या कादंबरीची ही सुरुवात. सिंग-शोंग या टोपणनावानं लिहिणाऱ्या जोडप्यानं ती 2018 ते 2020 या काळात ‘मुनपिया’ या साइटवर 551 भागांत लिहिली. गेल्या वर्षी, 2025 मध्ये, तिच्यावर सिनेमाही येऊन गेला. तो फारसा चालला नाही. आपल्याला ती फुकट सेवेची घोषणा जगबुडीची वाटते. मुनपियाच्या जुन्या वाचकाला मात्र आधी हसू फुटलं असणार. कारण तिथं कादंबऱ्यांच्या बाबतीत हेच घडत असतं. नवा लेखक रोज एक भाग फुकट टाकतो. ‘आजचे सर्वोत्तम’ या यादीत तो वर सरकला, की एके दिवशी सूचना येते: उद्यापासून पैसे पडतील. सुरुवातीचे पंचवीसेक भाग फुकट ठेवायचे आणि पुढच्या प्रत्येकाला 100 वॉन, म्हणजे आपले सहा-सात रुपये. भाग साधारण 5,000 अक्षरांचा, चहा निवेपर्यंत वाचून होणारा. अशा चिल्लरीतून उभा राहिलेला हा धंदा 2022 मध्ये एक लाख कोटी वॉनच्या पुढे गेल्याचा तिकडच्या सरकारी पाहणीचा अंदाज होता.

या कादंबऱ्यांचा मुख्य मसाला तीन शब्दांत मावतो: ह्वेग्वी, बिंगुई, ह्वानसेंग. वाचक तिन्हींची पहिली अक्षरं घेऊन ‘ह्वे-बिंग-ह्वान’ म्हणतात. ह्वेग्वी म्हणजे आपल्याच आयुष्यात मागं जाणं. बिंगुई म्हणजे परकायाप्रवेश. आणि ह्वानसेंग म्हणजे पुनर्जन्म, पण एक कलम बदललेला. आपल्याकडच्या समजुतीत मागचा जन्म विसरायचा असतो. इथं नायकाला सगळं आठवतं, आणि ती आठवण हेच त्याचं भांडवल.

त्यातला सगळ्यात गमतीदार पोटप्रकार म्हणजे लेखकाचा पुनर्जन्म. त्याच्याही दोन तऱ्हा. पहिलीत लेखक स्वतःच्याच कादंबरीत जाऊन पडतो. ‘कादंबरीतला एक्स्ट्रा’ हे तिचं ठळक उदाहरण. लेखकाचं टोपणनाव जिगापसोंग; त्यातल्या ‘जिगाप’चा अर्थ पैशाचं पाकीट, आणि या धंद्यात इतकं प्रामाणिक नाव दुसरं नसेल. त्यातला किम हाजिन एका सकाळी आपल्याच कथेत जागा होतो, पण नायक म्हणून नव्हे. ज्याला आपण धड वर्णनही दिलं नव्हतं, अशा गर्दीतल्या एका मुलाच्या अंगात. सोबतीला असतो लॅपटॉप. त्यात या जगातल्या गोष्टींचे तपशील बदलता येतात, पण प्रत्येक बदलाला गुण खर्ची पडतात, आणि बदल जितका अशक्य तितका तो महाग. लिहिताना फुकट असलेली कल्पनाशक्ती आत गेल्यावर मीटरवर चालते. त्यात आपण न लिहिलेल्या गोष्टीही समोर येऊ लागतात, तेव्हा निर्मात्याची पार भंबेरी उडते.

दुसऱ्या तऱ्हेत जग अनोळखी असतं. फसलेला कोरियन लेखक मरतो आणि जादूगार, सरदार, राक्षस असलेल्या राज्यात जन्म घेतो. तिथं वीरांच्या पोवाड्यांसारखं काही असतं, पण कादंबरी नसते. तो ती लिहितो, राजकन्या रात्रभर जागून वाचतात, छापखान्यापुढं रांगा लागतात. यात एक सोपी चोरी असते. पृथ्वीवरची गाजलेली पुस्तकं आठवून आपल्या नावावर खपवायची. तिथं ना मूळ लेखक, ना कोर्ट. अशी कथा मला दहाव्या भागापर्यंत कंटाळवाणी होते, कारण टाळ्या सगळ्या उसन्या असतात. पण लेखक हुशार असेल तर खरा प्रश्न समोर येतो: जिथं ड्रॅगन रोज डोक्यावरून उडतो, तिथं ड्रॅगनची गोष्ट अद्भुत कशी ठरणार? ती बातमी झाली. खलनायक राक्षस दाखवला तर शेजारच्या राक्षसांचं राज्य वकील पाठवून जाब विचारेल. आणि करमणूक म्हणून रचलेली भाकडकथा लोक इतिहास समजून बसले, भविष्यवाणी समजून सैन्य गोळा करू लागले, तर? अशा जागी हा प्रकार एकदम वयात येतो.

पुनर्जन्माची कादंबरी कोरियाला वेबनं दिली, असं मात्र नाही. किम मान-जुंग (1637–1692) या दरबारी विद्वानानं ‘कुउनमोंग’, म्हणजे नऊ जणांचं ढगासारखं स्वप्न, लिहिलं. हद्दपारीत असताना आईचं मन रमावं म्हणून लिहिलं, असं सांगतात. सोंगजिन हा तरुण भिक्षू आठ अप्सरांना पाहून विचलित होतो. गुरू त्याला पुन्हा जन्माला घालतात. यांग सोयू म्हणून तो परीक्षा जिंकतो, सेनापती होतो, त्याच आठ जणींशी संसार मांडतो, आणि वैभवाच्या शिखरावर त्याला जाग येते. तो आपल्या कुटीत एकटा बसलेला असतो.

हे जागं होणं आजच्या वाचकाला खपत नाही. पुरावा ताजा आहे. सान ग्योंग या लेखकाच्या ‘धनाढ्य घराण्यातला धाकटा’ या वेबकादंबरीत उद्योगपती घराण्याचा मारला गेलेला नोकर त्याच घराण्यातला नातू म्हणून जन्मतो आणि घराणं काबीज करतो. 2022 च्या अखेरीस तिची मालिका आली. शेवटच्या भागाला जवळपास 27 टक्के टीआरपी मिळाला, आणि त्याच भागात नायक पुन्हा मूळच्या नोकराच्या अंगात जागा झाला. प्रेक्षक खवळले. तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी जो शेवट साक्षात्कार होता, तो आता फसवणूक ठरला. मला यात प्रेक्षकांचा थिल्लरपणा दिसत नाही. घराच्या किमती, परीक्षा, कंत्राटी नोकऱ्या यांनी पिचलेल्या माणसाला ‘हे वैभव मिथ्या आहे’ हे सांगायला गुरू लागत नाही. मिथ्या का होईना, एकदा हातात तर येऊ दे, एवढंच त्याचं म्हणणं.

म्हणून या वाचकांची परिभाषाही खाण्यापिण्याची आहे. नायकावर अन्याय होत राहिला, कथा रेंगाळली, की ती ‘गोगुमा’: उकडलेलं रताळं, पाण्याशिवाय घशात अडकलेलं. खलनायकाचं थोबाड फुटलं, की ‘साइदा’: गार लिंबू सोडा, ढेकर येऊन मोकळं करणारा. सलग तीन भाग रताळं दिलं, की वाचक ‘हाचा’ करतात, म्हणजे बसमधून उतरतात. लेखकाला रोज आकडा दिसतो: कालच्या किती जणांनी आजचे शंभर वॉन दिले. मग भाग कुठं तोडायचा, ही सगळ्यात मोठी कला होते. आपल्याकडे 1890 पासून ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षांत कोण घेतो!’ वाचणाऱ्यांना ‘क्रमशः’ची हुरहुर ठाऊक होती, पण ती कादंबरी लिहिणाऱ्या हरिभाऊ आपट्यांना नायिका यमूला सुखी करा म्हणून रोज कुणी आकडे पाठवत नव्हतं. आता ती सोय मराठीतही येऊ घातली आहे. मराठीसह बारा भारतीय भाषांत क्रमशः कथा चालवणाऱ्या ‘प्रतिलिपी’त 2021 मध्ये मोठी गुंतवणूक केली ती क्राफ्टन या कोरियन कंपनीनं. पबजीवाली तीच.

तोडण्याची कला कोरियात मोबाइलच्याही आधीची. जोसोन राजघराण्याच्या काळात सोलच्या रस्त्यांवर ‘जोनगीसू’ असत, कादंबऱ्या मोठ्यानं वाचून दाखवणारे. जो सू-साम (1762–1849) या कवीनं त्यांच्यातल्या एकाचं वर्णन लिहून ठेवलंय. तो रोज जागा बदलत जोंगनो भागातून फिरे. कथा ऐन रंगात आली, की तो गप्प बसे. पुढं काय या तगमगीनं लोक नाणी फेकत, मग तोंड उघडे. या युक्तीला नावही होतं: योजोनबोप, पैसा मागून घेण्याची रीत. दोकजाच्या कादंबरीत आकाशातली नक्षत्रं माणसांची धडपड बघत बसतात, आणि आवडलं की वरून नाणी टाकतात. त्यांना नक्षत्रं म्हणायचं इतकंच.

धोकाही जुनाच. 1790 च्या राजदरबारी नोंदीत जोंगनोमधल्या तंबाखूच्या दुकानातली एक हकिगत आली आहे. वाचन चालू होतं. नायकाची पुरती निराशा होते त्या प्रसंगी ऐकणाऱ्यांतला एक माणूस डोळे फाडून उठला, तंबाखू कापायची सुरी त्यानं उचलली आणि वाचणाऱ्याला जागीच भोसकलं. रताळं तेव्हाही घशात अडकत होतं.

दोकजाची गाडी पूल ओलांडून गेली असती, तर पलीकडच्या ओक्सू स्टेशनपासून सहावं स्टेशन लागलं असतं ते जोंगनो 3-गा.