आधी कामाचे तास, मग समुपदेशक

मे २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार पोलीस ठाण्यात ड्युटीचा तक्ता बदलला. तोवर शिपायाची पाळी बारा तासांची असे, आणि बंदोबस्त लागला, आरोपीला कोर्टात न्यायचं असलं, हद्दीत काही मोठं घडलं की ती आणखी लांबायची. आहे त्याच मनुष्यबळात आठ तासांच्या पाळ्या कशा बसतील, याचा हिशेब तिथल्याच एका कर्मचाऱ्याने मांडला होता. तत्कालीन आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो ऐकून घेतला, देवनारला प्रयोग सुरू झाला आणि पुढे शहरातल्या इतर ठाण्यांतही नेण्यात आला. या प्रयोगात समुपदेशक नव्हता, ॲप नव्हतं, भिंतीवर पोस्टर नव्हतं. माणसाला झोप मिळावी, मुलं जागी असताना घरी पोचता यावं, एवढीच सोय होती. गेल्या दहा वर्षांत मालकांनी कामगारांच्या मनासाठी काय केलं याचा मागोवा देवनारपासूनच सुरू करायला हवा, कारण पुढे जे बरंवाईट झालं ते पारखण्याची कसोटी तिथे सापडते.

ही कसोटी तशी जुनीच आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन केलं. त्यात रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, पगार वेळेवर मिळावा ही मागणी होती. रविवारची सुट्टी पदरात पडायला १८९० साल उजाडलं. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता, पण माणसाचं मन कशाने थकतं हे त्या कामगारांना पक्कं ठाऊक होतं. टाटा स्टीलने कायद्याची वाट न पाहता १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस लागू केला. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने पाचशे किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. मात्र त्या कायद्यातली सुरक्षा यंत्र, धूर, धूळ आणि आगीपासून होती. मन त्यात कुठे नव्हतं.

मनाला कायद्यात ठळक जागा मिळाली ती या दशकात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने मानसिक आजाराचा दिव्यांगत्वातला समावेश कायम ठेवला आणि समान संधीचं धोरण जाहीर करण्याची जबाबदारी आस्थापनांवर टाकली. सरकारी नोकराला सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर त्याला काढून टाकता येत नाही किंवा त्याचं पद खाली आणता येत नाही, असंही तो कायदा सांगतो. २९ मे २०१८ रोजी मानसिक आरोग्य सेवा अधिनियम अमलात आला. शारीरिक आजाराला जसं विमा संरक्षण, तसंच मानसिक आजारालाही द्यायचं, हे त्याने विमा कंपन्यांना बंधनकारक केलं. विमा नियामकाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तसं परिपत्रक काढलं, आणि तरी चालढकल होते म्हणून २०२२ मध्ये पुन्हा तंबी दिली. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात आणखी पुढचं पाऊल टाकलं. गैरवर्तनाचं मूळ मानसिक आजारात असेल, तर त्यावरून शिस्तभंगाची कारवाई चालवणं हा भेदभाव ठरतो, असा तो निकाल आहे.

कागदावर एवढं झालं, पण कचेरीतली भीती गेली नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर शंभर प्रौढांपैकी दहा-अकरा जणांना मानसिक आजार असल्याचं दिसलं, आणि निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना होते. हेच लोक रोज कामावर येतात. रात्र-रात्र झोप लागत नाही, सकाळी गेटपाशी छातीत धडधडतं, तरी रजेच्या अर्जात कारण पडतं ‘ताप व अंगदुखी’. खरं कारण लिहिलं तर बढतीच्या यादीतून नाव जाईल, पुढचं महत्त्वाचं काम दुसऱ्याकडे जाईल, ही धास्ती खोटी नाही. मालकाने धोरणाची कितीही पानं छापली तरी, खरं कारण लिहिणाऱ्या पहिल्या माणसाला साहेब कसं वागवतो, यावरच बाकीचे शंभरजण काय लिहायचं ते ठरवतात.

मार्च २०२० नंतर घरच कचेरी झालं. कामाची वेळ कुठे संपते हेच कळेनासं झालं आणि रात्री अकराला ग्रुपवर आलेल्या मेसेजला उत्तर देणं अंगवळणी पडलं. याच काळात अनेक कंपन्यांनी बाहेरच्या समुपदेशन संस्थांशी करार केले. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही हेल्पलाईन २०१२ पासून चालू होतीच. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेलिमानस’ ही हेल्पलाईन सुरू केली. समुपदेशनाची ही सोय लाखमोलाची आहे, तिला नावं ठेवता कामा नये. पण ती टिकते गुप्ततेवर. किती जणांनी सेवा घेतली हा आकडा मालकाला कळायला हरकत नाही. कुणी घेतली हे मात्र कधीच कळता कामा नये. एकदा जरी नाव फुटलं, तरी पुढे तो नंबर कुणी फिरवत नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नैराश्य आणि चिंता यांपायी जगात दरवर्षी सुमारे १२ अब्ज कामाचे दिवस बुडतात, असं संघटनेचं म्हणणं आहे. कामाचा बोजा, वेळा, नेमणुका यांत बदल करा, वरिष्ठांना प्रशिक्षण द्या आणि आजारातून परतणाऱ्याला टप्प्याटप्प्याने कामात घ्या, हा त्या तत्त्वांचा गाभा. २०२४ च्या आरंभी ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांचा ब्रिटनमधल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ध्यानाची सत्रं, ताण हाताळण्याचे वर्ग, आरोग्याची ॲप यांत भाग घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा बरे असल्याचं त्यात दिसलं नाही. म्हणजे बोजा तसाच ठेवून तो पेलायला शिकवण्याचा मार्ग फारसा कामी येत नाही.

त्याच वर्षी जुलैत पुण्यात एका बहुराष्ट्रीय कंपनीत नुकतीच रुजू झालेली २६ वर्षांची सनदी लेखापाल तरुणी गेली. कामाच्या अतोनात बोजाने मुलीचा बळी घेतला, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून सांगितलं. कंपनीने हा आरोप मान्य केला नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने स्वतःहून दखल घेतली आणि कामाच्या तासांचा प्रश्न घराघरांत पोचला. तरीही वारं उलट्या दिशेनेच वाहत राहिलं. आठवड्याला सत्तर तास काम करा, हा उद्योगपतींचा सल्ला आपण २०२३ मध्ये ऐकला होता; जानेवारी २०२५ मध्ये नव्वद तासांचा आणि रविवारी कामावर येण्याचाही ऐकला. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकानं व खासगी आस्थापनांतली दैनंदिन मर्यादा नऊवरून दहा तासांवर नेण्यास मान्यता दिली. सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलेलं, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक मात्र कायदा होऊ शकलेलं नाही.

या दशकाची सगळ्यात मोठी उणीव वेगळीच आहे. जो आधार उभा राहिला, तो मुख्यतः वातानुकूलित कचेऱ्यांत. सोसायटीच्या फाटकावर बारा तास उभा राहणारा सुरक्षारक्षक, चाकणच्या कारखान्यातला कंत्राटी कामगार, दुचाकीवरून जेवण पोचवणारा मुलगा यांच्यापर्यंत तो पोचला नाही. त्यांच्या बाबतीत तर मालक नेमका कोण, इथूनच टोलवाटोलवी सुरू होते. देवनारचा प्रयोगही पुढे सगळीकडे टिकला नाही. २०२२ मध्ये महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा वेगळा आदेश काढावा लागला. साहेब बदलला की सोय बदलते, कारण ती हक्क म्हणून नाही, मर्जी म्हणून दिलेली असते.

म्हणून मालकांना, मग पदरी पाच हजार माणसं असोत की पाच, कळकळीचं सांगणं आहे. पाळीचा तक्ता निदान आठवडाभर आधी लावा. साप्ताहिक सुट्टी मोडू नका. पगाराची तारीख चुकवू नका, कारण घरभाड्याच्या काळजीसारखा झोप उडवणारा रोग नाही. जो मुकादम किंवा व्यवस्थापक चारचौघांत पाणउतारा करतो त्याला आवरा, मग तो कितीही उत्पादन काढून देत असो. विम्यात मानसोपचार आहे की नाही हे स्वतः वाचून पाहा. आजारातून परतलेल्याला पहिल्या दिवशी पूर्ण बोजा देऊ नका. एवढं केल्यावर समुपदेशक नेमा, त्याचा खरा उपयोग होईल. आणि टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक कामाच्या जागी सगळ्यांना दिसेल असा आजच लावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.